टोपी काढल्यानंतरचे सहा तास

शालन कोळेकरला दुसऱ्यांदा टोपी घातली, त्या दिवशी तिला त्या माणसाचं तोंड दिसलं. वृषाली मगदूमला इतका आनंद झाला, की तिनं टेबलाखाली दोन्ही हात घट्ट जोडले.

वृषाली शिरगुंडीच्या उपाध्ये वकिलांकडे विधी सहायक होती. तिच्याकडे वकिलीची सनद नव्हती. पण फायली लावणं, तारखा सांभाळणं, नकला काढणं, साक्षीदारांना कोर्टात कसं उभं राहायचं ते समजावणं, हे सगळं बारा वर्षं तीच करत होती. उपाध्ये सर कामगारांचे आणि गरिबांचे खटले लढत. ते युक्तिवाद करायचे आणि माणसं वृषाली सांभाळायची. घाबरलेल्या बाईला दोन मिनिटांत बोलती करण्यात तिचा हातखंडा होता. म्हणून कोर्टानं ‘सहाय्यित स्मरण’ मान्य केलं तेव्हा सरांनी प्रशिक्षणाला तिलाच पाठवलं. तीन महिन्यांनी ती प्रमाणपत्र घेऊन आली, पाठोपाठ एका खोक्यातून टोपी आली.

दिसायला ती दुचाकीवाल्याच्या हेल्मेटसारखीच होती. आतून ध्वनिलहरींचे बारीक झोत निघायचे. ते आपल्याला ऐकू येत नाहीत, पण कवटी ओलांडून मेंदूतल्या आठवणी जागवणाऱ्या भागापर्यंत पोचतात. मुळात ही टोपी विसरभोळेपणाच्या आजारासाठी शोधलेली. म्हाताऱ्या माणसांना तिच्यामुळे मुलांची नावं आठवू लागली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की निरोगी माणसानं ती घालून एखादा प्रसंग आठवला, तर तो प्रसंग डोळ्यांसमोर घडत असल्यासारखा दिसतो. तिथून ती कोर्टात पोचायला फार वर्षं लागली नाहीत.

प्रशिक्षणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. आठवण ही फोटोसारखी साठवलेली नसते. दर वेळी ती नव्यानं जुळवली जाते. जुळवताना मेंदूतल्या पेशींमधले सांधे मऊ पडतात आणि नवी प्रथिनं तयार होऊन ते घट्ट व्हायला काही तास जातात. तेवढ्या वेळात जे कानावर पडेल, ते त्या आठवणीत मुरतं आणि तिचाच भाग होऊन बसतं. टोपीमुळे आठवण जितकी लख्ख होते, तितकीच ती मऊही पडते. म्हणून नियम होता, की टोपी काढल्यानंतर सहा तास साक्षीदाराशी घटनेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. टोपी डोक्यावर असेपर्यंतच्या प्रत्येक शब्दाचं ध्वनिमुद्रण व्हायचं आणि ते सीलबंद होऊन कोर्टात जायचं. पुढच्या सहा तासांचं मुद्रण मात्र होत नसे. ते सहायकाच्या प्रामाणिकपणावर सोडलेलं होतं.

खटला बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजचा होता. तिथं गारव्यासाठी अमोनिया वापरत. वायू गळला तर भोंगा वाजायचा. पण तो विनाकारणही वाजायचा, आणि मग कुणीतरी वैतागून त्याचं बटण बंद करायचं. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कुणीतरी ते असंच बंद केलं. अर्ध्या तासानं पाइप फुटला, भोंगा गप्प राहिला आणि पॅकिंगच्या खोलीतल्या दोन बायका गुदमरून गेल्या. त्यातली एक छाया, शालनची धाकटी जाऊ. शालन दाराजवळ होती म्हणून वाचली. दोघींच्या घरच्यांच्या वतीनं उपाध्ये सर सरकारी वकिलांच्या जोडीला उभे राहिले.

पोलिसांनी मशीन चालवणाऱ्या विलास हुबालेला पकडलं. भोंग्याच्या पेटीची किल्ली त्याच्याकडे असायची. तो म्हणत होता, की किल्ली खिळ्याला टांगलेली असते, कुणीही घेतं, आणि आपण त्या वेळी मागच्या टाकीपाशी होतो. त्याला टाकीपाशी पाहिलेलं कुणी नव्हतं. बटण बंद करणाऱ्या माणसाला पाहिलेली मात्र एक बाई होती, शालन. तिनं फक्त पाठ पाहिली होती आणि तिथले नऊही पुरुष निळाच शर्ट घालत.

पहिल्या खेपेला शालन टोपी घालून बसली तेव्हा वृषालीनं नियमाप्रमाणे विचारलं, “काय दिसतंय, मावशी?”

“निळा शर्ट. पाठमोरा हाय.” शालनचे डोळे मिटलेले होते. “कायतरी ओढलं त्यानं. लाकडी स्टूल. वर चढला. बटण दाबलं. भोंगा थांबला.”

“आणखी?”

“तोंड न्हाई दिसत.” मग तिनं मान किंचित वळवली. “छाया दिसतीय. धुरात. माझ्याकडं बघून कायतरी बोलतीय. ओठ हालत्यात, पण ऐकू येईना.”

टोपी काढल्यावर शालन विश्रांतीच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. वृषालीनं स्वतःचा डबा उघडला, अर्धी भाकरी तिच्या पुढ्यात ठेवली. शालननं हात लावला नाही.

“एवढं डोक्यावर ठेवून घेतलं, पण तोंड न्हाई दिसलं,” ती म्हणाली. “त्यो सुटंल आता. आन् छाया काय म्हणली ते बी कळलं न्हाई. दोन पोरी हायत तिच्या माझ्याकडं. थोरली रोज इचारती, आई शेवटी काय म्हणली.”

ती रडायला लागली. रडणाऱ्या बाईपुढे गप्प बसणं वृषालीला कधी जमलंच नव्हतं. तिनं शालनच्या पाठीवर हात ठेवला.

“मावशी, पोरींनाच बघ म्हणाली असेल. आई दुसरं काय म्हणणार?” आणि मग, अगदी सहज, “आणि किल्ली हुबालेकडेच असायची ना? त्याच्याशिवाय कोण असणार तिथं?”

घड्याळात पावणेदोन झाले होते. टोपी काढून पाऊण तास झाला होता.

आठ दिवसांनी शालनला पुन्हा बसवलं. या वेळी निळ्या शर्टातला माणूस बटण दाबून मागे वळला, आणि तो विलास हुबाले होता. “लख्ख दिसतोय,” शालन म्हणाली. “डाव्या गालावरचा तीळ बी दिसतोय.” धुरातून छाया म्हणाली, “अक्का, पोरींना बघ.” हे सांगताना शालनच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी समाधान आलं होतं.

संध्याकाळी जबाब टाइप करताना वृषालीच्या ध्यानात आलं, की या खेपेला स्टुलाचा उल्लेखच आला नव्हता. तिचे हात कीबोर्डवर थांबले. पावणेदोनचा तो क्षण तिला आठवला. मग तिनं स्वतःची समजूत घातली: बाई तोंड बघण्यात गुंतली होती, स्टूल सांगायचं राहिलं असेल. माणूस तर तोच आहे. सगळा कागद त्याच्याकडेच बोट दाखवतोय.

खटला चालला. हुबालेची बाजू मांडायला मोफत मदतीतला एक वकील होता. त्यानं पहिल्या मुद्रणातला तेवढा धागा पकडला.

“बाई, तो माणूस स्टुलावर चढला होता ना?”

“न्हाई साहेब. जमिनीवरच हुता,” शालन म्हणाली.

“पहिल्यांदा तुम्ही स्टूल म्हणाला होतात.”

“तवा धूसर दिसत हुतं. आता समदं लख्ख दिसतंय. मी खोटं कशाला बोलू?”

ती खोटं बोलत नव्हती. कोर्टातल्या प्रत्येकाला ते कळत होतं. वृषाली मागच्या बाकावर बसली होती. शालनच्या डोक्यात ते स्टूल आता नव्हतंच, आणि ते कधी नाहीसं झालं हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. उठून तसं सांगायला ती मोकळी होती. तिनं वहीत तारीख लिहिली, पेनाचं टोपण लावलं.

हुबालेला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याला नेताना कोर्टाच्या जुन्या, ठेंगण्या दारातून तो मान वाकवून बाहेर पडला. त्याची बायको जिन्याशी उभी होती. ती रडली नाही, नुसती बघत राहिली.

त्यानंतर शालननं वृषालीला आपलंसं करून टाकलं. सणासुदीला तिचं बोलावणं यायचं. छायाच्या पोरी, दहावीतली तेजू आणि तिच्याहून लहान स्वरा, तिला ‘वृषालीताई’ म्हणत आणि गणितं सोडवून घेत. शालन शेजारणींना सांगायची, “हिनं माझ्या छायाचं शेवटचं बोलणं मला ऐकवलं. ह्या पोरी हायत तवर ही माझी लेक.” वृषाली हसायची.  

वर्षभरानं नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी जागेचा नकाशा हवा होता. कोल्ड स्टोअरेज इतके दिवस सील होतं. वृषाली पहिल्यांदाच तिथं गेली. अपघाताच्या आधीच निवृत्त झालेला तिथला जुना वायरमन सुतार सोबत होता. भोंग्याची लाल पेटी भिंतीवर होती, छताच्या जवळच म्हणावी इतक्या उंचीवर. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘भिंतीवर’ एवढंच लिहिलेलं.

“पेटी हलवलीय का कुणी?” तिनं विचारलं.

“न्हाई हो, पहिल्यापास्नं हितंच.”

वृषालीनं टाचा उंचावून हात वर केला. बोटं वीतभर खाली राहिली.

“थांबा, स्टूल देतो,” सुतार म्हणाला. “सगळ्यांनाच लागायचं. एक हुबाले सोडला तर. त्यो ताडमाड गडी, नुसता हात वर केला की झालं.”

तो स्टूल घेऊन येईपर्यंत ती खाली बसली होती. तिला त्यानं पाणी दिलं. कसला वास लागला का म्हणून विचारलं. ती नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं उपाध्ये सरांच्या केबिनचं दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. साठी ओलांडलेले सर चष्मा हातात घेऊन ऐकत राहिले.

“मुद्रणात काही आहे?”

“नाही सर. मुद्रण स्वच्छ आहे.”

“मग तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.”

“मला माहीत आहे ना.”

ते उठून खिडकीशी गेले. “वृषाली, तुझं प्रमाणपत्र जाईल. तुझ्यावर खटला होईल. आणि तेवढ्यावर थांबणार नाही. टोपीमुळे आपण आणखी अकरा बायकांना न्याय मिळवून दिला. ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं अशा बायका. त्या सगळ्या फायली उद्या उघडतील. हुबालेचं अपील चालू आहेच, त्यासाठी मी गुपचूप चांगला वकील बघतो, तिथं उंचीचा मुद्दा मांडता येईल. तू मध्ये येऊ नकोस.”

“कोर्ट म्हणेल, बाईला तोंड दिसलंय, उंचीचं काय घेऊन बसलात.”

सर खिडकीपासून वळले. मग त्यांनी हळूच विचारलं, “बाकीच्या अकराजणींशी तू त्या सहा तासांत काय बोललीस?”

वृषालीनं खूप आठवून पाहिलं. डबे आठवले, चहा आठवला, कुणाचे तरी थरथरते हात आठवले.

“मला आठवत नाही, सर.”

सर खुर्चीत बसले. त्यांना बरं नव्हतं असं वाटण्याइतका त्यांचा चेहरा उतरला होता. “जा,” ते म्हणाले, “तुला जे करायचं ते कर. मी अडवणार नाही. मदतही करणार नाही.”

ती आधी शालनकडे गेली. पोरी शाळेत असतील अशी दुपारची वेळ तिनं मुद्दाम निवडली होती. शालन ओट्याशी उभी राहून डाळ निवडत होती.

“मावशी, मी एक पाप केलंय,” वृषाली म्हणाली आणि बसून सांगू लागली. आठवण मऊ पडते म्हणजे काय, सहा तास म्हणजे काय, त्या दिवशी भाकरी पुढ्यात ठेवून आपण काय बोललो, पेटी किती उंच आहे. शालन डाळीतले खडे वेचत ऐकत राहिली.

“पण मला दिसतोय त्यो,” शेवटी ती म्हणाली. “आत्ता बी दिसतोय. तीळ दिसतोय.”

“तीळ तुम्ही एरवी रोज बघत होतात, मावशी. कामावर. मी नाव घेतलं, आणि तुमच्या मनानं त्याचं तोंड तिथं बसवलं.”

“म्हंजे माझ्या डोक्यात तू घातलास?”

“हो.”

शालननं हातातलं ताट खाली ठेवलं. ती खूप वेळ काहीतरी जुळवत असल्यासारखी दिसत होती. वृषालीला कळलं ती कुठं पोचतेय, आणि तिला वाटलं, इथून पळून जावं.

“आन् छाया?” शालननं विचारलं.

वृषाली ताटातल्या डाळीकडे बघत राहिली.

“छाया काय म्हणली गं? पोरींना बघ म्हणली न्हवं? मला ऐकू आलं. तिच्याच आवाजात ऐकू आलं.”

“ते... मीच म्हणाले होते. जेवताना. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.”

“तसं न्हाई म्हणली ती?”

“म्हणाली असेलही. मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही.”

शालनचा आवाज चढला नाही. “त्या माणसाचं तोंड खोटं निघालं तर निघू दे,” ती म्हणाली. “त्याचं त्याला सोडवून आण. पण हे कशाला सांगितलंस मला? तेजूला काय सांगू मी आता? वर्षभर रोज तिला सांगून झोपवली मी.” थोड्या वेळानं म्हणाली, “उठ. पोरी यायच्या आत जा.”

वृषाली चपला घालून रस्त्याला लागली. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का, हा विचार तिनं त्या दिवशी शंभरदा केला, आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं. हुबालेपुरतं सांगून थांबता आलं असतं. पण अर्धं झाकायचं तर ते पुन्हा तिच्या मर्जीनं कुणाच्या तरी डोक्यात काहीतरी ठेवण्यासारखंच होतं.

पुढच्या आठवड्यात तिनं प्रतिज्ञापत्र लिहिलं. आयुष्यात तिनं दुसऱ्यांची हजारभर प्रतिज्ञापत्रं टाइप केली होती. स्वतःचं लिहायला तिला चार दिवस लागले. अपील चालू असलेल्या कोर्टात ते दाखल झालं आणि वकिलांच्या बार रूममध्ये तिच्याशी बोलणं सगळ्यांनी टाकलं. प्रमाणपत्र रद्द झालं. फौजदारी गुन्हा नोंदला गेला. टोपीची अकरा प्रकरणं पुन्हा तपासायचा हुकूम निघाला. त्यातल्या एका बाईनं रस्त्यात गाठून तिला विचारलं, “आमचा निकाल पण खोटा का गं?” 

अपिलाच्या सुनावणीला शालनला पुन्हा बोलावलं. ती एकटीच आली, वृषालीकडे न बघता पिंजऱ्यात उभी राहिली. न्यायाधीशांनी विचारलं, आरोपीला तुम्ही पाहिलंत का?

“दिसतोय मला, साहेब,” शालन म्हणाली. “डोळं मिटलं की दिसतोय. पण ते खरं हाय का माझ्या डोक्यात कुणी ठिवलंय, ते मला सांगता येत न्हाई. ज्याचा मलाच भरवसा न्हाई, त्याच्यावर कुणाला आत ठिवू नगा.”

एवढं बोलून ती खाली उतरली. स्टूल, पेटीची उंची आणि प्रतिज्ञापत्र, या सगळ्याचा विचार करून कोर्टानं महिन्याभरानं हुबालेला निर्दोष सोडलं. बटण कुणी बंद केलं हे अखेरपर्यंत उघड झालं नाही. उरलेले आठजण आपापल्या गावी पांगले होते, आणि आता कुणाच्या आठवणीवर विसंबायचं हे पोलिसांनाही कळेनासं झालं होतं.

सुटल्यानंतर काही दिवसांनी हुबाले कोर्टात जप्त केलेलं सामान न्यायला आला. वृषाली तिथं स्वतःच्या तारखेला आली होती. आवारातल्या गुलमोहराखाली त्यानं तिला ओळखलं. ती माफी मागण्याचे शब्द जुळवत होती. चार दिवस लिहूनही ते तिला सापडले नव्हते. तोच पुढे आला. अंग वाळलेलं, शर्ट सैल. मागे त्याची बायको पिशवी घेऊन उभी.

“मॅडम, तुमचा कागद वकिलांनी मला वाचून दाखिवला,” तो म्हणाला. “ते आठवण मऊ पडती म्हणून लिवलंय तुम्ही. ते बिनटोपीचं बी हुतं का?”

“हो. थोडं थोडं. सगळ्यांचंच होतं.”

त्यानं मान हलवली. “पयल्यांदा मी वरडून सांगायचो, मी न्हवतो. आतली माणसं म्हणायची, एवढी बाई शपथेवर सांगती, तुलाच इसर पडला असंल. रोज ऐकायचो. रोज इचार करायचो, कुठं हुतो, काय करत हुतो. सहा-सात महिन्यांनी मलाच दिसायला लागलं. माझा हात वर चाललाय, बटण दाबतोय. आता टाकीपाशी हुतो ते आठवायला बघतो, तर टाकी पुसट दिसती आन् बटण लख्ख दिसतं.”

तो जवळ आला. आवाज खाली आणला, बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून.

“तुम्ही समदे कागद वाचल्यात. खरं सांगा. मी न्हवतो न्हवं?”

वृषालीच्या तोंडात उत्तर तयार होतं. नव्हताच तुम्ही, दादा. एवढंच तर बोलायचं होतं. त्यानं ते घेतलं असतं, घरी नेलं असतं, आणि कदाचित त्याला टाकीही पुन्हा नीट दिसली असती. तो तिच्या ओठांकडे बघत होता.

“मला माहीत नाही, दादा,” ती म्हणाली. “मी तिथं नव्हते.”

तो आणखी काही येईल म्हणून थांबला. वृषालीनं दातांखाली ओठ दाबून धरला. रडू आलं तरी ती बोलली नाही. शेवटी बायकोनं येऊन त्याचा दंड धरला आणि दोघं फाटकाकडे चालू लागली.